अमात्याची फुटकी मडकी

पूर्वी कुमुदवती नगरीत राजा धृतसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व भद्रघोष या नावाने त्याचा न्यायामात्य होता. त्या नगरीत एक विचित्र रीत होती. दरबारातल्या माणसाला पन्नास वर्षे झाली, की राजा त्याच्या खांद्यावर पांढरी शाल घाली आणि भालदार ललकारी देई, "विद्या पूर्ण झाली!" त्यानंतर त्याने कोणाकडून काही शिकणे म्हणजे मोठा कमीपणा. शालवाले विद्वान वाट चुकले तरी कोणाला विचारीत नसत. दोघे जण तर घरी जेवायला म्हणून निघाले आणि शेजारच्या गावी जाऊन जेवले.

याच नगरीत कपिला नावाची कुंभारीण होती. नवरा गेल्यापासून चाक तीच फिरवी. त्या वर्षी राजाच्या अभिषेकोत्सवाच्या एकशे आठ घागरी तिच्याकडून आल्या. पुरोहित पिंगलाक्षाने त्यांत नदीचे पाणी भरले, आणि पहिला मंत्र संपायच्या आत एकेक घागर तडकली. राजाची पावले भिजली, पोथ्या तरंगू लागल्या. सगळीकडे अपशकुन अपशकुन म्हणून ओरड झाली.

कपिलाला दरबारात उभे केले.

"महाराज, घागरी भाजायच्या आव्यातून नुकत्याच काढलेल्या, हात लावला तर पोळेल अशा होत्या," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत निवू द्या, मग पाणी भरा, असं मी पुरोहितांना सांगितलं होतं."

"साफ खोटं!" पिंगलाक्ष शाल सावरीत म्हणाला. "ही मला काही बोललीच नाही. घागरी थंडगार होत्या. हिची मातीच खोटी."

अपराध ठरला तर तिचे चाक फोडायचे आणि तिला राज्याबाहेर घालवायचे, असा कायदा होता. कपिलाचा जीव टांगणीला लागला. सगळे भद्रघोषाकडे पाहू लागले. साठ वर्षांचा तो अमात्य उठून म्हणाला, "महाराज, मी जन्मात ओल्या मातीला हात लावलेला नाही. मला यातलं काही कळत नाही. महिनाभर मुदत द्या. मी शिकून येतो."

दरबाराने तोंडात बोटे घातली. कळत नाही हे शब्द त्या सभेत कोणी शालवाला प्रथमच बोलला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमात्य कपिलाच्या अंगणात हजर झाला आणि हात जोडून म्हणाला, "आचार्ये, आलो."

"अहो आर्य, मला आचार्या म्हणू नका, लाज वाटते!"

"बरं. तुमच्याकडे नव्या शिकणाऱ्याला काय म्हणतात?"

"चिखल्या," कपिला ओशाळून म्हणाली.

"मग मी चिखल्या."

ज्याच्या एका शब्दावर आपले चाक जायचे की राहायचे त्याला चिखल्या म्हणायला तिची जीभ रेटेना. पहिल्या दिवशी तिने सतरा वेळा "आर्य, जरा हात सैल" म्हटले. दुसऱ्या दिवशी अमात्याने चाकाला असा काही हिसका दिला, की मातीचा गोळा उडून तिच्या सासूच्या कपाळावर बसला. तेव्हा मात्र ती ओरडली, "अरे चिखल्या, हात काढ आधी!" मग तिला दरदरून घाम फुटला. पण अमात्याने मुकाट्याने हात काढला आणि सासूबाईंची क्षमा मागितली. त्यानंतर शिकवणे सोपे झाले.

शिकणे मात्र सोपे झाले नाही. कुंपणापलीकडे रोज गर्दी जमे, शालवाले तर घरून बसायला पाट घेऊन येत. माती ओली ठेवायला मऊ फडके हवे म्हटल्यावर अमात्याने आपली पांढरी शालच भिजवून गोळ्यावर टाकली, तेव्हा त्यांतल्या एकाला भोवळ आली. अमात्याने मातीतला खडा काढला नाही, तर भाजताना तिथला टवका उडाला. बूड नीट थापटले नाही, तर बुडालाच भेग गेली. ओलेच मडके आव्यात घातले, त्याच्या ठिकऱ्या झाल्या. इतक्या तऱ्हांनी मडकी फोडणारा शिष्य कपिलाने पाहिला नव्हता. तो मात्र प्रत्येक फुटके मडके उचलून ओळीत मांडी आणि विचारी, "आचार्ये, हे कशानं फुटलं?" ती कारण सांगे. आणि मनात म्हणे, माझं नशीब या माणसाच्या हातात आहे, आणि याच्या हातात तर काहीच टिकत नाही.

एकोणतिसाव्या दिवशी आव्यातून त्याची पहिली धड घागर निघाली. किंचित वाकडी होती, पण होती. साठ वर्षांचा अमात्य आनंदाने नाचला. कपिला "थांबा, निवू द्या!" म्हणेपर्यंत त्याने कौतुकाने त्या गरम घागरीत तांब्याभर पाणी ओतलेसुद्धा. तड्! काठापासून पोटापर्यंत एक सरळ बारीक रेघ उमटली आणि पाणी गळू लागले.

कपिलाने डोक्याला हात लावला. महिना संपत आला होता, माती संपली होती, आणि चिखल्याला एक घागर जमली नव्हती. तिला रडूच कोसळले.

अमात्य रेघेवरून बोट फिरवीत होता. "आचार्ये, रडू नका," तो म्हणाला. "अगदी हवी तशी फुटली आहे."

दुसऱ्या दिवशी दरबारात त्याने आपली सारी फुटकी मडकी ओळीने मांडली. "महाराज, मला मडकं घडवता येत नाही, पण ते कसकसं फुटतं यात माझा हात कोणी धरणार नाही. माती खोटी असली तर असा टवका उडतो. ही कच्च्या बुडाची भेग. आणि ही गरम घागरीत गार पाणी ओतल्याची रेघ." मग उत्सवातली घागर आणून त्याने शेजारी ठेवली. रेघेला रेघ जुळत होती. अशा दहा घागरी आणल्या, दहाही तशाच.

राजाने पिंगलाक्षाकडे पाहिले. "हिने तुम्हाला थांबायला सांगितलं होतं का?"

"सांगितलं तर काय झालं!" पिंगलाक्षाचा पारा चढला. "माझी विद्या पूर्ण झाली आहे! एका कुंभारणीनं मला शिकवायचं?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते सगळ्यांत शेवटी पिंगलाक्षाला कळले.

राजाने कपिलाला निर्दोष ठरवले आणि तो पुरोहिताला हद्दपार करायला निघाला. भद्रघोष मध्ये पडला. "महाराज, घालवून देऊ नका. ज्याला विचारायची लाज वाटते त्याची मला दया येते, महिन्यापूर्वी मीही त्याच शालीत होतो. त्यांनाही महिनाभर आचार्यांच्या चाकावर बसवा."

"नको हो महाराज!" कपिला घाबरून पुढे आली. "त्यांच्यापेक्षा मलाच हद्दपार करा. या एका चिखल्यानं माझी वर्षाची माती संपवली!"

राजा हसता हसता सिंहासनावरून घसरायचा राहिला. त्याने पिंगलाक्षाला कपिलाकडे पाठवले, सोबत राजवाड्यातून शंभर गाड्या माती धाडली, आणि त्या वर्षापासून शाल द्यायचे बंद केले. पिंगलाक्ष महिना संपल्यावरही कुंभारवाड्यात येत राहिला. म्हातारपणी त्याला पणती जमू लागली होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात सांगितली ती एका वृद्ध भिक्षूसाठी. उतारवयात प्रव्रज्या घेतलेला तो भिक्षू आपल्याहून धाकट्यांकडून पाठ घ्यायला लाजून रोज पोटदुखीचे निमित्त सांगत असे. कथेतल्या जन्माचा आजच्याशी मेळ घालताना शास्ते म्हणाले, "तेव्हाची कपिला म्हणजे आज संघाला भिक्षापात्रे देणारी ही उपासिका. तेव्हाचा राजा म्हणजे विहाराचा भांडारी. पिंगलाक्ष कोण, ते ज्याचे पोट दुखते त्याला ठाऊक आहे. आणि चिखल्या मीच होतो." ज्ञानाला शाल घालून निरोप देऊ नये, मरेपर्यंत त्याचे शिष्य राहावे, हीच प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची पराकाष्ठा.

वृद्ध भिक्षू उठला आणि आपले आसन उचलून धाकट्यांच्या ओळीत शेवटी जाऊन बसला. त्या दिवशी त्याला एकही ओळ पाठ झाली नाही. दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी आला.