कापून नेलेलं पान

एका गावात एक वाचनालय होतं आणि त्याचा एक विचित्र नियम होता. पुस्तक परत करताना वाचकाने समासात एक ओळ लिहायची: आपले हात जे शिकले ते.

गाव रंगाऱ्यांचं आणि विणकरांचं. एका पुस्तकात पक्क्या लाल रंगाचं पान होतं आणि त्याच्या समासात पंधरा जणांच्या ओळी होत्या. ‘मंजिष्ठेची लाल मुळं उकळू देऊ नका, रंग तपकिरी होतो,’ असं एका रंगाऱ्याने लिहिलं होतं. ‘आधी तुरटी, मग रंग,’ असं तुरटीवाल्याने.

एक गरीब रंगारीण ते पान वाचून शिकली. तिची लाल लुगडी गाड्या भरभरून बाहेरगावी जाऊ लागली. मग तिला धास्ती वाटली, हे पान तर कोणीही वाचेल. एका दुपारी तिने ते कापून पदराखाली घेतलं. स्वतःची ओळ लिहिलीच नाही.

वाचनालय सांभाळणाऱ्या आजी दारातच बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “नेतेस तर ने बाई. पण त्याला तुझ्या घरी करमणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे तळवे पांढरेफटक झाले होते. रंगात कितीही बुडवले तरी डाग धरेनात.

“रंगारीण की पीठवाली गं तू?” शेजारीण हसली.

त्या वर्षी जुने रंगारी थकले आणि नव्यांना लाल रंग जमलाच नाही. त्यांनी भट्ट्या विझवल्या. एकट्या रंगारणीसाठी कोण थांबणार? तुरटीवाला गाव सोडून गेला. त्या दिवशी तिने पान ठेवलेली पेटी उघडली, तर पानावरची त्याची ओळ नाहीशी झाली होती. मग विणकर गेले, त्यांच्याही ओळी गेल्या. शेवटी छापलेली अक्षरंही पुसली गेली. तुरटीवाचून तिचा लाल रंग पहिल्याच धुण्यात वाहून गेला.

भर दुपारी ती बाजारातून निघाली. सगळ्या दुकानांना फळ्या लागलेल्या. वाचनालय तेवढं उघडं होतं. आजींसमोर तेच पुस्तक होतं आणि पान कापल्याची कड अजून ओली, लाल होती.

“आजी, पान आणलंय. पण ते कोरं झालंय.”

“कोरं कसलं, वाट बघतंय. तुझी ओळ राहिली होती ना?”

“लिहिली तर सगळेच माझ्यासारखा रंग काढतील.”

“आणि नाही लिहिली तर?”

रंगारीण बाहेरची शांतता ऐकत राहिली. मग तिने दौत ओढली. आधी आठवून आठवून त्या पंधरा ओळी लिहिल्या, ज्याची ओळ त्याच्या नावासह. प्रत्येक ओळीला बाजारात कुठेतरी एक फळी सरकल्याचा आवाज येत होता. शेवटी तिने आपलं गुपित लिहिलं: ‘चिमूटभर चुना घाला, लाल खुलतो.’

तिने बोट पाहिलं. टोकाला लाल डाग पडला होता.

हळूहळू उजवा हात पूर्ण रंगला. डावा तळवा मात्र मरेपर्यंत पांढराच राहिला. कोणी शिकायला आलं, की ती आधी तोच दाखवायची.

तात्पर्य: शिकण्याची जागा सर्वांना उघडी असेल, तरच गावातली दुकानं उघडी राहतात. तुमच्या वाचनालयाचं दार आज उघडं आहे का, ते जाऊन बघा.