पुसली जाणारी रांगोळी आणि टिकाऊ सीडी

आमच्या शेजारच्या जाई मेस्त्रीला विद्यापीठात पीएचडी करायची होती. विषय होता रांगोळ्यांचा संगणकावरचा संग्रह. शिष्यवृत्ती मिळाली तर शिकायचं, नाहीतर कॉल सेंटरची नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं. मुलाखतीला सोबत म्हणून मी गेले आणि दाराजवळच्या बाकावर बसले. दार अर्धं उघडं होतं, त्याला मी काय करणार?

विभागप्रमुख डॉ. सातोस्कर म्हणाले, "हे बघ मुली, सकाळची रांगोळी संध्याकाळी केरात जाते. तिच्यावर शिष्यवृत्ती कशाला? काम टिकाऊ हवं. ही सीडी बघ. वीस वर्षांपूर्वी मी साडेतीनशे पोथ्या हिच्यात भरून ठेवल्या. अजून एक चरा नाही."

जाई म्हणाली, "सर, त्यातलं एखादं पान दाखवता?"

शिपाई सीडी घेऊन विभागभर फिरला. एकाही संगणकाला ती घालायला जागाच नव्हती.

"माझी आई रोज रांगोळी पुसते," जाई शांतपणे म्हणाली, "म्हणून तिला रोज काढावी लागते, आणि म्हणूनच शंभर नमुने तिच्या हातात आहेत. तुमची सीडी कुणी पुसली नाही, तशी कुणी उघडलीही नाही. जपायचं कसं, ते मला आईकडून शिकून संगणकाला शिकवायचंय."

सातोस्करांनी शिपायाच्या हातून सीडी परत घेतली. मग जाईच्या शिष्यवृत्तीच्या कागदावर सही केली.

"सोमवारी रुजू हो," ते म्हणाले. "आधी माझ्या पोथ्या बाहेर काढ. आणि आईंना विचार, मला शिकवतील का."