दहापैकी दहा आणि तीन ओले सांधे

फार पूर्वी, खाडीकाठच्या एका गावात होड्यांचे सांधे बुजवणारी एक बाई राहत होती. फळ्यांच्या फटींत कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेलाचा लेप द्यायचा, हे तिचं काम. हात इतका चोख, की लांबलांबचे नाखवे-तांडेल आपल्या होड्या तिच्याकडे घेऊन येत.

तिला नऊ वर्षांची एक मुलगी होती. होडीची चिंता बाईला कधी वाटली नाही. मुलीची मात्र उठता-बसता वाटे.

शाळेत गुरुजी रोज पाटीवर दहा गणितं घालत. सोपी घ्यायची की अवघड, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मुलगी हटकून अवघड मागायची. पाच-सहा बरोबर यायची, उरलेली चुकायची, आणि त्या चुकलेल्या गणितांबद्दल ती घरी येऊन तासभर बडबडत बसायची.

"आई, हे बघ ना, इथपर्यंत बरोबर होतं. मग मध्येच काय झालं कुणास ठाऊक!"

आईचं बडबडीकडे लक्षच नसे. तिला फक्त पाटीच्या कोपऱ्यातला सहाचा आकडा दिसे. शेजारणीचा मुलगा रोज दहा आणायचा, आणि शेजारीण ते विहिरीवर मुद्दाम मोठ्याने सांगायची. 'आपलंच काहीतरी चुकत असणार,' असं म्हणत आई नवनवे उपाय शोधायची. बदाम भिजत घालून झाले. मुलीची बसायची जागा बदलून झाली. शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "बाय, दहापैकी दहा आणलेस, की एक ढब्बू पैसा तुझा."

दुसऱ्याच दिवशी दहा आले. तिसऱ्या दिवशीही दहा. आईचा ऊर भरून आला. मुलीची बडबड थांबली होती. पण आईला वाटलं, चला, घर जरा शांत झालं.

अशात एका तांडेलाची नवी होडी आली. त्या गावची रीत अशी, की होडी लोटण्याआधी काठावरच तिच्यात पाणी भरायचं. बाहेरून जिथे ओल दिसेल तिथे गेरूची खूण करायची, आणि तो सांधा उकलून पुन्हा बुजवायचा. खुणा झाल्या म्हणून कुणी कुणाला हसत नसे. आणि पहिल्या फेरीला सांधे बुजवणाऱ्याने आपल्या घरच्यांसकट होडीत बसायचं, हीसुद्धा रीतच.

होडीत पाणी भरून झालं होतं आणि आई चुलीवर राळ उकळत होती. तिने हाक मारली, "बाय, तेवढी ओल बघतेस का?"

"किती देशील?" मुलीने विचारलं.

आईला हे जरा खटकलं. पण एवढ्या लागू पडलेल्या उपायावर शंका कशाला घ्यायची? "जो सांधा कोरडा निघेल, त्याचा एक पैसा," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने येऊन पाहिलं. होडीवर एकही खूण नव्हती.

"सगळे कोरडे?"

"सगळे."

असं आजवर कधी झालं नव्हतं. आईच्या मनात पाल चुकचुकली. पण आता तिला दहापैकी दहाची सवय झाली होती. तिने पैसे दिले, वर पाठही थोपटली.

दुसऱ्या दिवशी भरती आली. सगळं गाव काठावर जमलं, नारळ फुटला. तांडेल म्हणाला, "चला वहिनी, बसा." आई होडीत चढली. मुलगी मात्र घोटाभर पाण्यातच उभी राहिली.

"ये की गं!"

"माझं पोट दुखतंय."

"वाऱ्याने थांबेल. ये."

मुलगी हलेना. गप्प राहिलं, तर पैसेही राहतील आणि शाबासकीही. बोललं, तर सगळ्या गावासमोर सगळंच जाईल. तांडेलाने बांबू टेकवला. होडी हलली.

"आई, उतर!" मुलगी किंचाळली. "तीन सांधे ओले आहेत! मी पुसले, वर राख दाबली!"

तांडेलाने होडी परत काठाला लावली. मग तो म्हणाला, "वा वहिनी! लेकीने होडी पास केली, आणि आम्ही भर खाडीत नापास होणार होतो!"

आई खाली उतरली. तिला रडू येत होतं की राग, ते तिचं तिलाच कळेना. "असं का केलंस?"

"तू कोरड्याचे पैसे देणार होतीस," मुलगी हुंदके देत म्हणाली. "ओल्याचे कोण देणार?"

आईला शाळेतले दहापैकी दहा आठवले. "आणि पाटी?"

"मी लहान मुलांची सोपी गणितं घेते. अवघड चुकतात." मग डोळे पुसून ती म्हणाली, "तुला पण तांडेलकाका पैसे देतातच ना?"

"देतात. होडी तरंगते म्हणून देतात, मी 'तरंगते' म्हणाले म्हणून नाही." आईने तिला जवळ ओढलं. "पण तुझ्यापेक्षा माझंच जास्त चुकलं. आता असं करू, जे गणित चुकेल, त्याचा एक पैसा..."

"वहिनी," तांडेल हसत म्हणाला, "मग उद्यापासून दहाच्या दहा चुकतील!"

आईलाही हसू आलं. मायलेकींनी तिन्ही सांधे उकलून नव्याने बुजवले, आणि पुढच्या भरतीला होडीत बसून दोघी पलीकडे जाऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी मुलीने अवघड गणितं मागितली. चार बरोबर आली. आईला शेजारणीच्या मुलाचे दहा आठवले. तरी तिने जीभ आवरली, मुलीशेजारी बसली आणि म्हणाली, "दाखव, कुठे अडलं?"

मुलगी सांगू लागली. आईला निम्मं कळलं नाही. तिने आपलं भाबडेपणाने विचारलं, "हा दोन इथून तिथे कसा गेला?"

उत्तर द्यायला मुलीने तोंड उघडलं, आणि ती थांबली. "थांब, थांब! तो जायलाच नको होता!" तिने भराभर पुसलं, पुन्हा मांडलं. गणित सुटलं.

"शाबास!" आई म्हणाली. पण मुलीने मान वर केली नाही. ती पुढच्या चुकलेल्या गणिताकडे वळली होती.

तात्पर्य, मुलांपेक्षा आयांसाठी जास्त: उत्तराचे पैसे मोजले, तर मूल उत्तर आणून देतं; त्याने शिकावं असं वाटत असेल, तर त्याच्या चुकीशेजारी बसावं लागतं.