गुडघ्याचा घास

एक होता कणू. तिळाहून बारीक. तिळाच्या तिळाहून बारीक. मोठी माणसं त्याला न्यूक्लिओसाइड म्हणतात. एका दमात कुणालाच म्हणता येत नाही. आपण कणूच म्हणू.

कणू राहायचा केतकीच्या गुडघ्यात. गुडघ्यात असतात इवल्या इवल्या खोल्या. त्यांचं नाव पेशी. एकदा केतकी पळाली आणि पडली, धप्प. गुडघा खरचटला. कणूची खोली फुटली. कणू पडला बाहेर.

बाहेर लाल नदी. खळखळ, खळखळ. नदी कणूला ओढू लागली. पुढे होतं शूचं गाव. तिथे गेलेला परत येत नाही.

शेजारच्या खोलीत नवा दोरा विणणं चाललं होतं, गुडघा बरा करायला. मोठी माणसं त्या दोऱ्याला डीएनए म्हणतात. दोऱ्यात बरोबर कणूएवढी जागा रिकामी होती. तेच आता कणूचं घर.

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक. कणू गेला खोलीच्या भिंतीपाशी. भिंतीत होती लिफ्ट.
"लिफ्टबाई, लिफ्टबाई, मला आत न्या."
लिफ्टबाई म्हणाली, "एकट्याला नेत नाही. मीठभाऊ सोबत येईल, तर नेईन."

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक. कणू गेला मीठभाऊकडे.
"लिफ्ट आत नेईना. मी घरी जाऊ कसा?"
मीठभाऊ म्हणाला, "आत आधीच मिठाची गर्दी. पंपदादा गर्दी काढेल, तर येईन."

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक. कणू गेला पंपदादाकडे. तोही भिंतीतच बसलेला, जांभया देत.
"मीठ सोबत येईना, लिफ्ट आत नेईना. मी घरी जाऊ कसा?"
पंपदादा म्हणाला, "अंगात जोर नाही रे. चूलमावशी लाडू वळेल, तर काढेन."

चूलमावशी तर खोलीच्या आत. कणूने भिंतीला तोंड लावून हाक मारली.
"पंप गर्दी काढीना, मीठ सोबत येईना, लिफ्ट आत नेईना. मी घरी जाऊ कसा?"
आतून चूलमावशी म्हणाली, "डबा रिकामा, बाळा. पोटोबा साखर धाडेल, तर वळेन."

टिपिक टिपिक, टिपिक टिपिक. कणू गेला पोटोबाकडे.
"चूल लाडू वळीना, पंप गर्दी काढीना, मीठ सोबत येईना, लिफ्ट आत नेईना. मी घरी जाऊ कसा?"
पोटोबा म्हणाला, "गुडगुड, गुडगुड. मीच उपाशी. केतकी घास खाईल, तर धाडेन."

नदी जोरात ओढत होती. कणू दमला. टिपिक... टिपिक... कसाबसा गुडघ्यात आला. चुण चुण, चुण चुण करून केतकीला सांगू लागला.
"पोट साखर धाडीना, चूल लाडू वळीना, पंप गर्दी काढीना, मीठ सोबत येईना, लिफ्ट आत नेईना. मी घरी जाऊ कसा?"

केतकी बसली होती ओठ मिटून. समोर वाटीत वरणभात. आईच्या एका हातात घास, एका हातात फोन. आईने फोनला विचारलं, गुडघा खरचटला, काळजी करावी का? उत्तरं आली सतरा. काळज्या झाल्या अठरा.

हा घास चिऊचा, आई म्हणाली. नको.
हा घास काऊचा. नको.
हा शेजारच्या मोत्याचा. नको.

केतकी म्हणाली, "चिऊ कुठे पडली? काऊ कुठे पडला? पडला माझा गुडघा. गुडघ्याचा घास देशील, तर खाईन."

आईने फोन ठेवला. हे फोनमध्ये नव्हतं.
"हा घास गुडघ्याचा."

आऽऽ, हम्म!

केतकीने घास खाल्ला. पोटोबाने साखर धाडली. चूलमावशीने लाडू वळले. पंपदादाने गर्दी काढली, हुश्श ढकल, हुश्श ढकल. मीठभाऊ सोबत आला, कणूचा हात धरून.

लिफ्टबाईने बाहेरचं दार लावलं, खट्. लिफ्ट निघाली, खर्रर्र. मग आतलं दार उघडलं, खुट्. दोन्ही दारं एकदम? छे. लिफ्टबाई फार कडक.

कणू घरी गेला. दोऱ्यात आपल्या जागी बसला. दोरा पुरा झाला. एका खोलीच्या झाल्या दोन, दोनाच्या झाल्या चार. गुडघ्यावर खपली आली, खपली गेली.

केतकी पळाली. आई म्हणाली, हळू. केतकी आणखी जोरात पळाली.

गुडघा भरला, वाटी सरली, गोष्ट कानातून आत शिरली.