तीनदा पाडलेली उभारणी

एकदा एका सेवाभावी संस्थेत एक वयोवृद्ध संगणकतज्ज्ञ बाई होत्या आणि त्यांच्या हाताखाली अनुजा नावाची एक शिष्या होती. संस्था तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्रे चालवीत असे. कोणत्या रुग्णाचा वार कोणता, त्याला कोणते औषध चालत नाही, हे सारे प्रत्येक केंद्राच्या संगणकयंत्रणेत नोंदलेले असे. ती यंत्रणा दर ठिकाणी हाताने उभारावी लागू नये म्हणून अनुजाने एक पॅकेज, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचनांचा संच, लिहिले होते. त्यातल्या सूचना चालवल्या की सर्व्हर, साठवण, सुरक्षा सगळे आपोआप उभे राहावे, असा हेतू होता.

सात केंद्रांत ते चाललेही. मात्र दरवेळी कुठेतरी अडे, फोन येई आणि अनुजा मार्ग सांगे.

आठवे केंद्र साकोलीला सुरू व्हायचे होते. नेमकी त्याच दिवशी कुडाळला तिच्या आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. अनुजाने घरी कळवून टाकले की आपण दोन दिवस उशिरा येऊ. हे बाईंच्या कानावर गेले. त्यांनी तिला समजावले नाही, की त्या रागावल्याही नाहीत. एक कोरा संगणक तिच्यापुढे ठेवला आणि त्यावरून, फक्त पॅकेज चालवून, चाचणीपुरती यंत्रणा उभी करायला सांगितली.

काम अर्ध्यावरच थांबले. अनुजाने स्वतःच्या संगणकावर कधीकाळी बसवलेले एक साधन सूचनांत लिहायचेच राहिले होते. तिने ते लिहिले, यंत्रणा उभी राहिली. बाईंनी ती शांतपणे पुसून टाकली आणि पुन्हा करायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी तेच पॅकेज पुन्हा अडले. ते दुसऱ्या कुणाच्या तरी पॅकेजवर विसंबून होते, आणि अनुजाने लिहून ठेवले होते की जी सर्वांत नवी आवृत्ती असेल ती घ्यावी. त्या पॅकेजच्या कर्त्याने रातोरात काही बदलले होते. अनुजाने पारखलेल्या आवृत्तीचा क्रमांक नेमका लिहिला. यंत्रणा उभी राहिली. बाईंनी तीही पुसली.

तिसऱ्या दिवशी तिने पॅकेजमध्येच चाचण्या लिहिल्या. नोंदी हरवल्या तर परत मिळतात का, परक्याला आत शिरता येते का, हे यंत्रणेने स्वतःच तपासावे. सगळे पार पडले, आणि बाईंनी पुन्हा सगळे पुसले. अनुजाच्या डोळ्यांत पाणी आले.

"बाई, आता काय चुकलं?"

"काही नाही चुकलं, बाळा." बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "माझे वडील गेले तेव्हा मी सर्व्हरच्या खोलीत होते. ते काम माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता. जे लिहायचं राहतं ना, ते आपल्या डोक्यात राहतं. मग पॅकेज आपल्यावर विसंबतं, आणि घरची माणसं वाट बघत बसतात. पुन्हा उभं राहतं की नाही, हे पाडल्याशिवाय कळत नाही, म्हणून पाडलं. आता चौथ्यांदा तू नको उभारूस. साकोलीच्या केंद्रातला देवानंद उभारील. तू आजची गाडी पकड."

शस्त्रक्रियेच्या दिवशी अनुजा कुडाळच्या रुग्णालयात बाकावर बसून होती. सकाळभर तिचा जीव दोन्हीकडे होता. दुपारी देवानंद मेश्रामचा निरोप आला. केंद्र सुरू झाले होते, चाचण्या पार पडल्या होत्या आणि पहिल्या रुग्ण आजीबाई डायलिसिसच्या यंत्राला जोडलेल्या होत्या. अनुजाला विचारावे असे काहीच निघाले नाही, असेही त्याने लिहिले होते.

संध्याकाळी आईने डोळे उघडले. मुलीला समोर बघून तिने क्षीण आवाजात विचारले, "तुझ्या कामाचं काय?"

"माझ्याशिवाय चाललंय, आई," अनुजा म्हणाली. हे वाक्य आपण इतक्या समाधानाने म्हणू शकू, असे तिला पूर्वी कधी वाटले नव्हते. तिने आईचा हात हातात घेतला आणि ती तशीच बसून राहिली.