उंबरथडीची ठकू भोईण

पूल नव्हता, आणि पूल कधी होईल असं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. केळवती नदी तेव्हाही अशीच वाहत होती आणि उंबरथडी गाव तेव्हाही असंच तिच्या दोन्ही काठांवर बसलेलं होतं. अलीकडे ऐलथडी, पलीकडे पैलथडी. ऐलथडीला कोष्ट्यांचे माग, वाण्याचं दुकान आणि मंगळवारचा बाजार. पैलथडीला कुंभारांच्या भट्ट्या, केळीच्या बागा आणि देवीचं देऊळ. म्हणजे भूक लागली की इकडे यायचं आणि पाप लागलं की तिकडे जायचं. एका थडीचं दुसरीवाचून पान हलत नसे, आणि हे दोघींनाही कबूल नसे. सख्ख्या भावांचं असतं तसंच.

मध्ये एकच नाव चाले आणि ती ठकू भोईण चालवी. नवरा लवकर गेला, तेव्हा तिने रडून घेतलं आणि त्याचं वल्हं उचललं. ती सुईणही होती. दोन्ही थडींवरची कितीतरी पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातांत. आवाज असा खणखणीत, की तिने इकडून हाळी दिली तर पैलथडीच्या उंबरावरचे बगळे उडत, असं म्हणतात.

आता केळवती काही सरळ बाई नाही. वरच्या अंगाला तिचं एक वळण आहे. वळणावरून ओंडका येतोय का, उतरायच्या जागी भोवरा पडलाय का, हे ज्या काठाला जायचं त्याच काठावरून नीट दिसे. म्हणून गावाची रीत होती. निघणाऱ्याने विचारायचं, “येऊ का हो?” समोरच्याने पाणी पाहून सांगायचं, “या हो, या!” त्याशिवाय वल्हं पाण्यात घालणार नाही, असा शब्द भोयांच्या वाडवडिलांनी नदीला दिला होता. पुढे झालं काय, रीत उरली आणि कारण विसरलं. लोकांना ‘या’ म्हणजे मान वाटू लागला. आमच्या गावाचं हे असंच आहे. कामाची वस्तू हातात दिली की आम्ही तिला आधी फेटा बांधतो.

एका वैशाखात ऐलथडीला लग्न होतं. पैलथडीचे गोंदाजी पाटील नवा फेटा बांधून काठावर आले आणि त्यांनी विचारलं, “येऊ का हो?” इकडे ढोल आणि ताशे असे काही बडवत होते, की कोणाला ऐकूच गेलं नाही. पाटील उन्हात उभे राहिले. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि शेवटी घामाने भिजलेला फेटा घेऊन माघारी गेले ते थेट देवळात. “आजपासून या काठावरून जो ‘या’ म्हणेल, त्याच्या चुलीला देवीची आण,” असं त्यांनी सांगितलं. ऐलथडीने हात जोडायचे, तर ती म्हणाली, “मग इकडूनही ‘या’ नाही. बोलावल्याशिवाय जायला आम्ही काय माशा आहोत?”

झालं. नाव काठाला बांधली गेली. पैलथडीची केळी झाडावर पिकून गळाली, ऐलथडीची लुगडी पेटीत राहिली. दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना वाटत होतं की हे मिटावं. पण प्रत्येकाला वाटत होतं की ते समोरच्याने मिटवावं.

ठकूची एकुलती लेक सारजा पैलथडीला दिलेली होती, आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तिला न्यायला नाव यायची तर काठावरून ‘या’ म्हणावं लागलं असतं, आणि आणेच्या भीतीने सासरच्यांनी ते केलं नाही. पैलथडीला दुसरी सुईण नव्हती. ठकू रोज नावेत बसून पलीकडे बघत राही.

श्रावण आला, केळवती फुगली. एका सकाळी पैलथडीच्या काठावर सारजाची सासू धावत आली. ती बोलली काहीच नाही, नुसता पदर हलवत राहिली आणि तशीच घराकडे पळाली. तोंडाला आण होती, पदराला नव्हती. ठकू समजली, की लेक अडली आहे.

तिने हाळी दिली. “येऊ का हो?” पैलथडीच्या काठावर माणसं जमली. कोणी बोललं नाही. तिने पुन्हा हाळी दिली. “अहो, माझी पोर अडलीय! येऊ का हो?” बायकांनी तोंडात पदर कोंबले. पुरुषांनी गोंदाजी पाटलांकडे बघितलं आणि पाटलांनी जमिनीकडे बघितलं. सूर्य डोक्यावर येईपर्यंत ठकू ओरडत होती. असं म्हणतात, की शेवटी तिच्या आवाजाचेच दोन तुकडे झाले आणि एक नदीत पडला.

मग ती वाकली. नदीचं पाणी डोळ्यांना लावलं. “केळवतीमाई, शब्द मोडते. राग काय तो माझ्यावर काढ, पोरीवर नको काढूस.” आणि तिने नाव सोडली.

नाव मध्यावर आली, तेव्हा वळणावरून एक मोठा ओंडका येताना पैलथडीच्या लोकांनी पाहिला. ठकूला तो दिसत नव्हता. सगळ्यांना दिसला होता. ओरडायला तोंडं उघडलीही होती. पण इतके दिवस ‘आधी दुसरा बोलेल’ म्हणून वाट पाहायची सवय झालेली, तेवढ्या क्षणातही प्रत्येकाने शेजाऱ्याकडे बघितलं. तेवढ्यात नाव फुटली. पाणी एकदा गरगरलं आणि सारखं झालं. हे सांगताना अजून मला काठावरच्या त्या माणसांचा राग येतो, आणि मग आठवतं की ती माझीच माणसं.

आता पुढचं ऐका. त्याच वेळी सारजाच्या दारात ठकू उभी होती.

अंगावरून पाणी निथळत होतं, हात गारठलेले होते. तिने सासूला पाणी तापवायला लावलं, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. सारजाने विचारलं, “आये, तुला कुनी ‘या’ म्हनलं गं?”

“लेकीच्या दारात येताना कोन इचारतं, येडे?” ठकू म्हणाली.

दिवस कलेपर्यंत ती लेकीजवळ बसली होती. बाळ अडलं होतं, ते तिने हळूहळू वळवलं. “ये माझे बाई, ये. वाट मोकळी हाय,” असं ती सारखं म्हणत होती. मुलगी झाली. ठकूने तिला पुसलं, सारजाच्या कुशीत दिलं आणि दोघींच्या तोंडावरून हात फिरवला. सासू गूळ आणायला आत गेली, बाहेर आली तर ठकू नाही. जमिनीवर नुसती ओल होती.

सासू आनंदाने काठावर आली. “ठकूबाईला कुनी आनलं? पोर सुटली!” असं विचारू लागली. काठावरची माणसं दुपारपासून तशीच उभी होती. एकाने नदीकडे बोट दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, ते उंबरथडीला विचारू नका. आम्ही दोन्ही खऱ्या मानतो.

गोंदाजी पाटील कमरेइतक्या पाण्यात शिरले. आण त्यांचीच, ती त्यांनीच मोडली. “या! या हो ठकूबाई, या!” त्यांच्या मागोमाग सगळी पैलथडी ओरडू लागली, आणि ते ऐकून पलीकडे ऐलथडी ओरडू लागली. अंधार पडेपर्यंत नदीवर दुसरा आवाज नव्हता. कोणी आलं नाही.

आता पूल झाला आहे, त्यावरून एसटी जाते. तरी श्रावण संपताना ऐलथडीचे भोई एक रिकामी नाव दोर लावून पाण्यात सोडतात आणि दोराचं टोक पैलथडीला पोचवतात. तो दोर ओढायचा मान, त्या वर्षी ज्या दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं असेल, त्यांचा. असे दोघे दरवर्षी सापडतात, गावाची तेवढी पुण्याई आहे. कधी भाऊभाऊ असतात, कधी जावाजावा. दोघांनी मिळून ओढल्याशिवाय नाव सरकत नाही आणि दोघांनी एका आवाजात ‘या’ म्हटल्याशिवाय ती काठाला लावत नाहीत. काही वेळा अर्धा दिवस जातो. गाव उभं राहतं, कोणी घाई करत नाही.

नाव लागली की दोघेही पाण्यात उतरतात आणि उतरणाऱ्याला द्यावा तसा हात पुढे धरतात. नावेत कोणी नसतं, हे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तरी ते हात बराच वेळ तसेच असतात. तेव्हा द्यायचे राहून गेले होते ना.