माती चढावर नेणारी म्हाळसाक्का

डोंगरातल्या वाटा माणसांपेक्षा गुरांनाच जास्त ठाऊक होत्या, अशा फार वर्षांपूर्वीच्या काळात गवळणीच्या डोंगराच्या उतारावर सात वाड्या होत्या. वाड्या अजूनही आहेत. पण तेव्हा तिथल्या शेतांत मातीपेक्षा दगड जास्त होते, आणि जी काही माती उरली होती ती दरवर्षी पावसाबरोबर उतरून खालच्या ओढ्याला मिळायची. लोक म्हणायचे, डोंगर आपलं अंग धुतो, त्याला कोण काय करणार? आणि पुन्हा बाजरी पेरायचे.

त्या उतारावर सगळ्यात खालच्या पाथरवाडीत म्हाळसाक्का राहायची. तिचा नवरा लखोजी. दोघांचं मिळून एक शेत, एक बैलजोडी. म्हाळसाक्का अंगानं किडकिडीत होती आणि कायम दमलेली असायची. लहानपणापासूनच तशी होती, असं म्हणतात. पाण्याला गेली की विहिरीच्या काठावर बसायची, सरपणाला गेली की मोळीवर बसायची. बायका हसायच्या. पण बसल्या बसल्या ती बघत असायची, आणि बघितलेलं विसरायची नाही.

एका उन्हाळ्याच्या शेवटी दोघं शेत नांगरत होती. उतारावर आडवं नांगरायचं म्हणजे बैलांचे पाय घसरतात, वेळ दुप्पट लागतो. लखोजीनं विचारलं, "आडवं धरू का उभं?"

म्हाळसाक्काचे पाय त्या दिवशी भरून आले होते. ती म्हणाली, "उभंच धरा. लवकर उरकू. मी दमलेय."

लखोजीनं नांगर उभा धरला. वरपासून खालपर्यंत नांगराची सरळ तासं पडली, बघायला फार देखणी. पुढं आर्द्रा नक्षत्रात एका दुपारी ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. पाण्याला त्या सरळ तासांतून वाट मिळाली. दिवस मावळायच्या आत शेतातली सगळी माती ओढ्याला गेली आणि मागं नुसते गोटे उरले, धुतलेल्या हाडांसारखे.

लखोजी त्यानंतर वर्षभर फारसा बोलला नाही. तो तिला कधी काही म्हणाला नाही, आणि त्याचंच तिला ओझं झालं.

मग म्हाळसाक्कानं पाटी उचलली. ओढा जिथं वळतो तिथं तिच्याच शेतातली माती साठली होती. ती तिनं पाटीत भरली, डोक्यावर घेतली आणि चढ चढून शेतात आणून टाकली. पुन्हा खाली गेली. रोज अशा पाट्या, तीन वर्षं. तिच्या टाचांना भेगा पडल्या, मान आखडली. लोक म्हणायचे, हिचं डोकं फिरलं. ती वाटेत दहा ठिकाणी बसायची, आणि जिथं बसायची तिथं बघायची. तिला दिसलं, की गवताच्या बुडख्यामागं माती थांबलेली असते. दगडाच्या आडव्या ओळीमागं थांबते. पावसानंतर पालापाचोळ्याची एक रेघ उतारावर आडवी उमटते, ती पाणी थबकल्याची रेघ. त्या रेघेवर बांध घातला तर पाणी त्याच्यापाशी थांबतं आणि मुरतं.

तिनं तसे बांध घातले. लखोजीनं आडवी नांगरट केली. चौथ्या वर्षी त्या शेतात बाजरीची कणसं कोपरापर्यंत लांब आली, असं म्हणतात. कुणी कुणी तर असंही सांगतं, की माती तिला इतकी सवकली होती की ती रिकाम्या हातानं चढ चढू लागली तरी माती तिच्या मागोमाग आपली आपण वर यायची, वासरं येतात तशी.

मग वाड्यावाड्यांतून माणसं विचारायला आली. म्हाळसाक्का सगळं सांगायची: रेघ कशी ओळखायची, दगड कसे लावायचे, बांधावर कोणतं गवत टिकतं. माणसं मान हलवायची आणि घरी जाऊन उभंच नांगरायची. दोन वर्षं असं चाललं. बाईमाणसानं सांगितलेलं ऐकायचं कसं, असं काहींच्या मनात होतं. काहींना वाटायचं, आपलं काय चुकतंय हे हिनं का सांगावं?

त्या भागात अमावस्येला बैलांना सुट्टी असते, त्या दिवशी कुणी नांगर धरत नाही. एका अमावस्येच्या दुपारी तिनं सात वाड्यांची माणसं आपल्या शेतात बोलावली. सावलीला गोणपाटं अंथरली. माणसं आली, कारण दुसरं काही काम नव्हतं. म्हाळसाक्का उभी राहिली आणि काय करावं हे तिनं सांगितलंच नाही. ती म्हणाली, "माझं शेत पावसानं न्हाई नेलं. मी घालवलं. मालक इचारत होते, आडवं धरू का. मी दमले होते. मीच म्हणाले, उभं धरा."

एवढं बोलून ती खाली बसली. लखोजी तिथंच होता. सहा वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला.

मग वरच्या आळीचा एक म्हातारा चाचरत म्हणाला, "मी बांधावरची झाडं तोडली. चुलीला पाहिजे हुती. तवापासनं माझाबी बांध ऱ्हाईना." मग दुसरा बोलला. तिसरीनं सांगितलं, की आपण कीड लागलेलंच बी पेरलं, कारण चांगलं बी खाऊन टाकलं होतं. ऊन कलेपर्यंत माणसं एकमेकांना आपापल्या चुका सांगत होती, आणि ज्याला त्यावर उपाय ठाऊक होता तो सांगत होता.

अक्काची शाळा तिथून सुरू झाली. दर अमावस्येला वेगळ्या वाडीत, वेगळ्या शेतात. ज्याचं शेत, त्यानं आधी आपली चूक सांगायची, मग बाकीच्यांनी बोलायचं, एवढाच नेम. म्हाळसाक्का सगळीकडे चालत जायची. लखोजी होता तोवर सोबत असायचा, तो गेल्यावर एकटी. अशी तीस वर्षं. वाटेवर बसत बसत जायची, म्हणून इतरांच्या आधी घरातून निघायची. कुणी म्हणालं, "अक्का, आता पुरे की," तर ती म्हणायची, "पुरे तर झालंच आहे रे. पण तुझ्या शेताचं अजून व्हायचंय." ती जिथं टेकायची तिथली जमीन चैत्रातही ओली लागायची, असं म्हणतात.

सहा वाड्या सुधारल्या. सातवी, सगळ्यात वरची, राहिली. तिथं सुभानराव पाटलांची जमीन होती, डोंगराच्या माथ्याला लागून, सगळ्यांत मोठी. पाटील उभं नांगरायचे. त्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं. वरून सुटलेलं पाणी खालच्या सहा वाड्यांचे बांध फोडत जायचं, आणि दरवर्षी माणसं ते पुन्हा रचायची. पाटलांना शाळेचं बोलावणं जायचं. ते येत नव्हते.

मग म्हाळसाक्का त्यांच्याकडे जाऊ लागली. दर अमावस्येची शाळा आटोपली की दुसऱ्या दिवशी डोंगर चढून पाटलांच्या शेताच्या मधोमध जाऊन बसायची. पाटील पहिल्यांदा रागावले. मग हसले. मग येऊन जवळ उभे राहू लागले.

"अक्का, दमत न्हाईस का गं?"

"दमते की. बसू द्या."

"मी काय ऐकणार न्हाई, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. मी कुठं काय सांगतेय?"

असं सात वर्षं चाललं. सातव्या वर्षी ती फार थकली होती. गुडघे वाकत नव्हते, डोळ्यांपुढं अंधारी यायची. भाद्रपदातली अमावस्या झाली होती आणि हस्ताचा पाऊस लागला होता. शेजारणीनं तिला अडवलं, तरी ती काठी टेकत चढ चढली आणि पाटलांच्या शेतात बसली. शेत रब्बीच्या ज्वारीसाठी नुकतंच नांगरलेलं होतं. माती मऊ, मोकळी, आणि तासं सरळ खाली गेलेली.

दुपारी माथ्यावर पाऊस कोसळला. पाणी गढूळ होऊन, भोवऱ्यासारखं गरगरत त्या तासांतून सुटलं. पाटील घराच्या ओट्यावरून ओरडले, "अक्का, ऊठ! वाहून जाशील!"

ती उठली नाही. धीर दाखवायचा म्हणून नव्हे. तिला खरंच उठवेना. ती म्हणाली, "न्हाई उठवत रे आता. येऊ दे त्याला."

पाणी आलं आणि तिच्या पाठीला टेकलं. आणि थांबलं, असं म्हणतात. लोटामागून लोट येऊन त्या किडकिडीत पाठीशी थबकला, दोन्ही अंगांना आडवा पसरला, आणि त्यातली माती तिच्या मागं थरावर थर साचू लागली. कमरेपर्यंत आली. खांद्यापर्यंत आली. म्हातारी मान खाली घालून बसलेली, जणू डुलकी लागली आहे.

पाटलांनी ते पाहिलं. अंगावर घोंगडीही न घेता ते धावत आले, आणि तिच्या उजव्या बाजूला दगड लावू लागले. मग डाव्या बाजूला. खालच्या वाड्यांत माणसं बांधांकडे डोळे लावून बसली होती, आता गढूळ लोंढा येईल म्हणून. पण ओहोळातून पाणी नितळ आलं. इतकं नितळ, की त्यांना भीती वाटली. सगळी माणसं फावडी घेऊन वर धावली. दिवस मावळायच्या आत माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा बांध उभा राहिला.

तेव्हा मातीतून आवाज आला, "आता काढा रे मला. पाठ अवघडली."

पुढच्या अमावस्येची शाळा पाटलांच्या शेतात भरली. पाटील उभे राहिले आणि म्हणाले, "मला सात वर्षांपूर्वीच पटलं हुतं. पर हिनं मला शिकवलं, हे तुम्ही बघू नये, असं वाटायचं. तेवढ्यापायी तुमचे बांध फुटत ऱ्हायले." पाण्याचं थांबणं एक वेळ सोडा, पण सुभानराव पाटलांनी हे चारचौघांत म्हटलं, तो खरा चमत्कार, असं सातही वाड्यांत अजून म्हणतात.

म्हाळसाक्का ऐकत होती. ते संपल्यावर ती शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून घरी आली, अंथरुणावर पडली आणि तीन दिवस झोपली. उठली तेव्हा म्हणाली, आता शाळा तुम्ही चालवा. त्यानंतर ती कधी चढ चढली नाही. दारात उन्हाला बसायची, आणि कुणी उपाय विचारायला आलं तर म्हणायची, शेजाऱ्याला विचार. ती गेली तेव्हा तिला तिच्याच शेतात मूठमाती दिली. प्रत्येक वाडीनं आपल्या शेतातली मूठ आणली होती.

आता वाड्यांवर डांबरी रस्ता आहे, ठिबकच्या नळ्या आहेत, मोबाइलवर हवामान येतं. तरी फाल्गुनात सुगी आटोपली की त्या महिन्याच्या अमावस्येला अक्काची शाळा भरते. ज्याचं पीक त्या साली सगळ्यांत वाईट आलं, त्याच्या शेतात. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नाही, बाकीच्यांनी भाकरी आणायच्या. तो उठून आपली चूक सांगतो, मग सगळे मिळून त्याचं शेत फिरून बघतात, आणि पुढच्या साली कुणी काय मदत करायची ते तिथंच ठरतं.

बाहेरच्यांनाही हाच नेम आहे. परवाच्या साली तालुक्याहून एक तरुण साहेब आले होते, माती तपासायचं शिकवायला. पेटी घेऊन, कागद घेऊन, चांगली तयारी करून. ते बोलायला उभे राहिले, तशी समोर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आधी तुमचं सांगा, साहेब."

साहेबांना कळेना. कुणीतरी समजावून सांगितलं. त्यांनी हातातले कागद पेटीवर ठेवले. मग त्यांनी सांगितलं, की नोकरीला लागल्यावर सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःच्या वडिलांना शहाणपण शिकवलं, बारा वर्षांची डाळिंबाची बाग काढायला लावली, आणि त्या जागी लावलेलं एकही रोप जगलं नाही. वडील त्यांना काही म्हणाले नाहीत, असंही ते म्हणाले.

म्हातारी सरकली, गोणपाटावर जागा केली आणि म्हणाली, "बसा इथं. जरा दम खावा. मग शिकवा, आम्ही ऐकतो."